समासातल्या ओळी कापू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजापूर तालुक्यातल्या जुन्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या धाकट्या बहिणीची सत्तरेक पत्रे सापडली. ती १९३६ साली नवऱ्याबरोबर मोंबासाला गेली, पुढे नैरोबीत राहिली आणि १९५४ पर्यंत माहेरी लिहीत राहिली. तिची नातवंडे आता लेस्टरला असतात, त्यांना मूळ पत्रे हवी आहेत. पत्रे लॅमिनेट करून घ्यावीत का, स्कॅन कशी करावीत, मूळ कागदांचे काय करावे?

लॅमिनेशन करू नका. दुकानातल्या गरम रुळांमधून जाताना प्लॅस्टिक वितळून कागदाच्या तंतूंत बसते आणि मग ते सोडवणे जवळपास अशक्य होते. कागदातले आम्ल आतच कोंडते, कागद आतल्या आत पिवळा आणि ठिसूळ होत जातो आणि वरून सगळे छान चकचकीत दिसते. अशी लॅमिनेट केलेली सनद किंवा पत्र घेऊन वर्षातून दोन-तीन माणसे तरी माझ्याकडे येतात. चुकचुकण्यापलीकडे मला काही करता येत नाही. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपल, रबरबँड, स्टेशनरीच्या दुकानातले पीव्हीसीचे फोल्डर हे सगळे त्याच पंगतीतले. जुन्या टाचण्या असतील तर गंजल्या असणार. त्या ओढून काढू नका. पत्र पालथे घालून, टाचणीखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून हळूच सोडवा. निघत नसेल तर राहू द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पत्रे तारखेनुसार लावायला बसू नका, निदान आत्ता नको. ट्रंक उघडली की पत्ते पिसावेत तशी पाने पिसायला हात शिवशिवतात, मला माहीत आहे. पण पत्रे आत्ता ज्या गठ्ठ्यांत, ज्या सुतळीने बांधलेली आहेत, ते गठ्ठे कोणीतरी विचार करून बांधले आहेत. पैशांचे विषय एका गठ्ठ्यात, बाळंतपणाची पत्रे दुसऱ्यात, भावाभावांच्या वाटणीवर तिने दिलेले मत तिसऱ्यात आणि तेही तळाशी, असे मी पाहिलेले आहे. तो क्रम मोडला की माहेरच्यांनी तिला कसे वाचले हे कळायचा एकमेव मार्ग बंद होतो. म्हणून आधी ट्रंकेचा वरून फोटो, मग प्रत्येक गठ्ठ्याचा, मग सुतळी सोडल्यावर वरच्या पत्राचा. मऊ शिसपेन्सिलीने मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात बारीक आकडा घाला: १/१, १/२, १/३. पहिला आकडा गठ्ठ्याचा, दुसरा पत्राचा. पाकिटाला आणि आतल्या पत्राला एकच आकडा. तारखेचा क्रम नंतर कॉम्प्युटरवर हवा तसा लावता येतो.

हातमोजे लागत नाहीत. सुती मोज्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि कागदाच्या कडा फाटतात. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका.

अशा पत्रात बाई कुठे सापडते, हे सांगते, कारण स्कॅन करताना नेमकी तीच जागा कापली जाते. त्या काळच्या घरगुती पत्राचा मुख्य मजकूर पुष्कळदा पुरुषाच्या हातचा असतो. 'ति. स्व. मातोश्रींचे सेवेसी कृ. सा. न. वि. वि.' अशी घडीव सुरुवात, प्रकृती, पाऊस, नोकरी, पाठवलेले पैसे, 'कळावे लोभ असावा'. मग पान संपते आणि समासात, पत्र आडवे धरून वाचाव्या लागणाऱ्या दोन ओळी येतात. अक्षर वेगळे, मोठे, जरा डगमगते, शाळेच्या पाटीवर शिकलेले बालबोध. त्या तिच्या. कधी त्या पाकिटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतात, कधी तारखेच्या वर. मी काम केलेल्या एका संग्रहात नवऱ्याच्या सव्वा पानानंतर समासात एवढेच होते, की इथे आंबा मिळतो पण त्याला वास नाही. तुमच्या सत्तर पत्रांतली किती तिने स्वतः लिहिली, किती सांगून लिहवली आणि किती पत्रांत ती फक्त समासात आहे, याची वेगळी नोंद ठेवा. वर्षे सरत जातात तशी समासातली बाई मुख्य पानावर येते का, तेही पाहा. काही संग्रहांत हा बदल स्पष्ट दिसतो. त्यासाठी स्कॅनरमधले आपोआप कड कापणारे ऑटो-क्रॉप बंद ठेवा आणि पानाभोवती बोटभर मोकळी जागा येऊ द्या.

शाईकडे वळू. इथे माझीच एक चूक सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एका कुटुंबाची आखाती बंदरातून आलेली पत्रे माझ्याकडे होती, घड्या कडक झालेल्या. शिसपेन्सिलीने लिहिलेले दिसत होते आणि शिसपेन्सिलीला पाण्याचे भय नसते, म्हणून मी निर्धास्तपणे एक पत्र दमट सोख्यांमध्ये, म्हणजे टीपकागदांत ठेवले. अर्ध्या तासाने सोखा उचलला तर करडी अक्षरे जांभळी होऊन पसरली होती. ती साधी शिसपेन्सिल नव्हतीच, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्यात ॲनिलीन रंग असतो. कोरडी असेतो करडी दिसते, ओल लागली की जांभळी फुटते. टोक जिभेला लावून लिहायची लोकांना सवयच होती आणि परदेशातल्या कचेऱ्यांत, बोटींवर, युद्धकाळात तर या पेन्सिली सर्रास वापरात होत्या. ओळखायची खूण: उजेड बाजूने पाडला तर अक्षरावर जांभळट धातूसारखी चमक येते आणि घामट बोट लागलेल्या जागी एखादा जांभळा ठिपका असतो. त्या पत्रातल्या चार ओळी गेल्या त्या गेल्या. तेव्हापासून घरच्या माणसांना मी एकच नियम सांगते: कोणत्याही पत्राला पाणी, वाफ किंवा ओले फडके लावायचे नाही. आणि इस्त्री? नावही काढू नका.

टाकाने किंवा फाउंटन पेनने लिहिलेली निळी-काळी शाई आता तपकिरी पडली असेल तर ती लोहयुक्त शाई. आपल्याकडे घरी हिरडा आणि हिराकस उकळून करत, त्याच जातीची. ही शाई कागद खाते. पत्र पालथे केल्यावर अक्षरे मागे जळल्यासारखी उमटलेली दिसली, तर ते पत्र सपाट ठेवा, पुन्हा घडी घालू नका आणि सारखे हाताळू नका. काजळाची काळी शाई उडत नाही, पण ओलीत पसरते.

सगळे डाग म्हणजे घाण नव्हे. कोपऱ्यातले पिवळे-तांबडे बोट बहुधा हळदकुंकवाचे असते. लग्न ठरल्याच्या किंवा बारशाच्या पत्राला ते लावत. कोपरा मुद्दाम फाडलेला दिसला तर ती निधनाची वार्ता असण्याचा संभव आहे. अशी पत्रे घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. मधेच चार-सहा महिन्यांची पोकळी दिसली तर हे कारणही मनात असू द्या.

पोकळीचे दुसरे कारण युद्ध. मुंबईहून मोंबासाकडे निघालेली 'तिलावा' ही ब्रिटिश इंडिया (बी.आय.) कंपनीची बोट २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसे गेली. त्या सुमाराची पत्रे असतील तर तिचा उल्लेख शोधा, कदाचित नाव न घेता केलेला. युद्धकाळातल्या पाकिटांच्या कडेला 'ओपन्ड बाय एक्झॅमिनर' असे इंग्रजीत छापलेली कागदी पट्टी चिकटवलेली सापडेल. ती सेन्सॉरची. चिकटपट्टी समजून सोलू नका. तिकिटांवर हात तर अजिबात टाकू नका. प्रत्येक घरात एक तिकिटे जमवणारा भाचा होऊन गेलेला असतो आणि त्याने कात्रीने तिकिटाबरोबर शिक्काही नेलेला असतो. तुमच्याकडची पाकिटे त्या तावडीतून वाचली असतील तर नशीबवान आहात. १९३५ पासून केनिया, युगांडा आणि टांगानिका या तिघांची तिकिटे एकच होती, तीन नावे एकाच तिकिटावर. त्यामुळे पत्र नैरोबीहून टाकले की किसुमूहून, हे तिकीट सांगत नाही, शिक्का सांगतो. पाकिटाच्या मागे आपल्याकडच्या टपाल कचेरीचा पोचल्याचा शिक्काही असेल. दोन शिक्क्यांतले दिवस मोजा. राजापूर तालुक्यातल्या मुसाकाजी बंदराला लागणारी आगबोट पावसाळ्यात बंद असे, ते दिवस तुम्हाला त्या अंतरात दिसतील.

चाळीसच्या दशकानंतरची निळी, पातळ, स्वतःचेच पाकीट होणारी हवाईपत्रे वेगळी जपा. ती बहुधा चुकीच्या बाजूने फोडलेली असतात, त्यामुळे तीन तुकडे होतात आणि एक तुकडा हरवतो. चिकटवायच्या पट्ट्यांच्या आतही मजकूर असतो. जागा महाग, म्हणून ती शेवटची दोन वाक्ये तिथे कोंबून लिहायची. तुकडे जोडू नका, एकाच पाकिटात एकत्र ठेवा.

तारखांचे एक सांगून ठेवते. काही पत्रांवर नुसती मिती असेल, 'चैत्र शु. ५ शके १८६०' अशी. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. नुसते संवत्सराचे नाव असेल तरी काम भागते. बहुधान्य म्हणजे १९३८-३९, कारण साठ वर्षे मागे किंवा पुढे गेल्यास ती मोंबासाला असणे शक्यच नाही.

मजकूर टंकित करताना शुद्धलेखन सुधारू नका. 'कांहीं', 'नाहीं', 'तुह्मी', घरांतल्या सगळ्या अनुस्वारांसकट तसेच उतरवा. आजचे नियम १९६२ नंतरचे आहेत, तिने ते मोडलेले नाहीत. ती 'व्हय' लिहीत असेल, 'इलो' लिहीत असेल, तर तेच राहू द्या. अर्थ हवा असेल तर खाली टीप द्या. एक शब्द मात्र प्रत्येक वेळी तपासा: 'इकडे'. नवऱ्याचे नाव घ्यायचे नसल्याने 'इकडून सांगणे झाले', 'इकडची प्रकृती बरी नाही' असे लिहायची रीत होती. 'इकडची' म्हणजे नैरोबीची नव्हे, नवऱ्याची. हाताशी घेतलेल्या विद्यार्थ्यांनी 'इथली हवा बरी नाही' असा अर्थ लावून नवऱ्याचे आजारपण पुसून टाकलेले मी पाहिले आहे. स्वाहिलीचीही गंमत आहे. 'शांब्यावर जाऊन आलो' या वाक्यातल्या शांब्याला एका हुशार मुलाने नातेवाइकांच्या यादीत घातले होते आणि हा शांबा कोण म्हणून आम्ही आठवडाभर वंशावळ चाळत होतो. शांबा म्हणजे शेतमळा. दुका म्हणजे दुकान, पोशो म्हणजे मक्याचे पीठ, मोगो म्हणजे कसावा, फुंडी म्हणजे कारागीर, टोटो म्हणजे पोर, आणि पुष्कळदा स्वयंपाकघरात हाताखाली राबणारे पोर. या शब्दांची वेगळी यादी करा. राजापूरकडची बाई हे शब्द सहज लिहू लागली ते कोणत्या साली, हे त्या यादीवरून कळेल.

त्या पोराविषयी, घरच्या आफ्रिकी नोकरांविषयी ती जे लिहील ते आज वाचायला जड जाईल. केनियाच्या उंचावरच्या सुपीक जमिनी गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या, हिंदी माणसाला तिथे शेत घेता येत नसे. तो अपमान तिला बोचत असेल आणि त्याच पत्रात पुढच्या परिच्छेदात ती स्वतःच्या स्वयंपाक्याला भलतेसलते म्हणत असेल. ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ उठावामुळे केनियात आणीबाणी पुकारल्यानंतरची पत्रे तर भीतीने भरलेली असणार. वगळू नका. घरातली भांडणे, दागिन्यांचे हिशेब, पडलेले गर्भ, हेही वगळू नका. लगेच प्रसिद्ध करायचे नसेल तर अमुक वर्षे बंद असा शेरा मारून ठेवता येते. खोडलेले मात्र परत येत नाही.

स्कॅनिंगचे फार अवघड नाही. सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो, पाने ओढून घेणारा नको. रंगीत, ४०० डीपीआय, बारीक अक्षराला ६००. मूळ फाइल टिफमध्ये, वापरायला जेपेग. दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा, पाकीट पुढून आणि मागून. पातळ हवाईपत्राच्या मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पलीकडची अक्षरे अलीकडे दिसत नाहीत. घडी उघडताना कागद कुरकुरला तर थांबा, ते पत्र न उघडता बाजूला ठेवा. ते तज्ज्ञाचे काम. मोबाइलने काढणार असाल तर फ्लॅश बंद, खिडकीजवळ पण ऊन पडत नाही अशी जागा, मोबाइल स्टँडवर आणि पानाशेजारी एक फूटपट्टी. तपकिरी होऊन उडालेली शाई वाचता येत नसेल तर फोटो संपादनाच्या ॲपमध्ये फक्त निळा चॅनल उघडून पाहा, पुष्कळदा अक्षर वर येते. फाइलला '१९३८-०४_मोंबासा_१-०७_अ' असे काहीतरी सरळ नाव द्या आणि तीन प्रती करा. त्यांतली एक दुसऱ्या गावात, लेस्टरला असली तर उत्तमच.

आता मूळ कागद. कोकणातला पावसाळा हा तुमचा खरा शत्रू. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते आणि तुमच्याकडे चार महिने ती त्याच्या कितीतरी वर असते. पत्र्याची ट्रंक वाईट नाही, वाळवीला ती लाकडी पेटीपेक्षा बरी, पण थंड पत्र्याला आतून दव धरते. म्हणून पत्रे पत्र्याला थेट टेकू देऊ नका. प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पाकिटे आम्लरहित पुठ्ठ्याच्या डब्यात आणि डबा मांजरपाटात गुंडाळलेला. मांजरपाट आधी दोन-तीनदा धुऊन त्यातली खळ काढून टाका, कारण खळीवर कसर येते. आपली पोथ्यांची तांबडी बासने दिसायला झकास, पण त्यांचा रंग ओलीत उतरतो. माळ्यावर नको, कौलांखाली उष्णताही आणि गळतीही. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. देवघरात नको. मधल्या खोलीत, जांभ्याच्या जमिनीपासून वीतभर उंच ठोकळ्यांवर.

डांबरगोळ्या घालू नका. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला डब्याबाहेर, कपाटात ठेवला तर हरकत नाही. मात्र त्याचाच भुगा होऊन किडे येतात, तो बदलत राहावा लागतो. मे महिन्यात पापडांबरोबर कागदांनाही 'ऊन दाखवायची' आजीची पद्धत कपड्यांपुरतीच ठेवा. दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत डबा सावलीत तासभर उघडा, कसरीचा किंवा उंदराचा माग दिसतो का पाहा, पुन्हा बंद करा. पावसात तो उघडायचाच नाही. आत्ता एखाद्या गठ्ठ्यावर करडी-हिरवी बुरशी दिसत असेल तर तो वेगळा काढा, मास्क लावा, खोलीत पंख्याखाली झटकू नका. आधी कोरड्या सावलीत सुकू द्या, मग अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने झाडा. जिवंत कीड असेल तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदाला पाणी सुटते.

लेस्टरच्या नातवंडांबद्दल. कागद ज्याला पाठवला त्याचा, म्हणजे तुमच्या घराचा. शब्द मात्र लिहिणारीचे, म्हणजे तिच्या वारसांचे. स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा असाच भेद करतो आणि जिवंतपणी प्रसिद्ध न झालेल्या लेखनाला पहिल्या प्रसिद्धीपासून पुढे साठ वर्षे संरक्षण देतो. म्हणून पुस्तक काढायचे किंवा इंटरनेटवर टाकायचे तर त्यांची लेखी संमती तुम्ही घ्यायची. उलट, मूळ पत्रे त्यांनी सामानात घालून न्यायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो: ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. घरगुती पत्रे त्यात बसतात की नाही हे आपण ठरवायचे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला मागावा लागतो. माझे मत विचाराल तर उत्तम रंगीत प्रिंट आणि सगळ्या फाइली त्यांना द्या, त्यांच्याकडे तिला इकडून गेलेली उत्तरे आहेत का ते विचारा आणि मूळ पत्रे एकत्र ठेवा. अर्धी इथे आणि अर्धी तिथे ही सगळ्यांत वाईट वाटणी.

घरी जपणे झेपणार नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईचे राज्य पुराभिलेख संचालनालय, किंवा बायकांच्याच कागदपत्रांचे आणि आठवणींचे काम १९८८ पासून करणारी मुंबईची 'स्पॅरो' यांच्याकडे विचारणा करा. द्यायचे ठरले तर करारपत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: संग्रह फोडायचा नाही, तिच्या नावाने नोंदवायचा (नवऱ्याच्या नव्हे) आणि कोणती पत्रे किती वर्षे बंद ठेवायची.

आणि यातले काहीही सुरू करण्याआधी एक करा. तुमच्या भावकीत, तिने पाठवलेले फ्रॉक घातलेली कोणी ऐंशी-पंच्याऐंशीची आत्या असेलच. पाच-सहा पत्रांचे फोटो काढून ए-थ्री कागदावर मोठे प्रिंट घ्या, फोनचे रेकॉर्डिंग चालू करा आणि तिला मोठ्याने वाचायला सांगा. पत्रातला बाबल्या कोण, कुठल्या तांबूशेटच्या बोटीतून ती मुसाकाजीला गेली, फणसाबद्दल ती पुन्हा पुन्हा का विचारते, हे तिथेच कळेल. वाचून दमली की थांबा. चहा घ्या. रेकॉर्डिंग तेवढे बंद करू नका.